जुना ट्रक घेताय? आधी परवान्याचे महिने मोजा

कोल्हापुरातून भरून निघालेला ट्रक तासाभरात परराज्यात पोहोचतो. कागल मागं पडलं की कोगनोळी, आणि कोगनोळी म्हणजे कर्नाटक. मार्केट यार्डातला गूळ गुजरातला जातो, इचलकरंजीचं कोरं कापड राजस्थानातल्या बालोत्रा-पालीला जातं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं कास्टिंग चेन्नईपर्यंत जातं. लांब पल्ल्याचं भाडं म्हटलं की राज्याची हद्द ओलांडणं आलंच. जुना ट्रक घेताना इंजिन, टायर, रंग, किंमत सगळं पाहिलं जातं, पण ही हद्द ओलांडायची मुभा त्या गाडीला अजून किती महिने आहे, हे विचारायचं राहून जातं.

हा लेख अशाच गाडीबद्दल आहे. सपाट तोंडाची, केबिनखाली इंजिन असलेली सहाचाकी किंवा दहाचाकी, आठ-दहा वर्षं चाललेली. टाटाची एलपीटी असो नाहीतर लेलँडची, घ्यायची तर काय तपासायचं, किती पैसा बाजूला ठेवायचा आणि कोणती गाडी नको म्हणायची, ते इथं क्रमानं दिलं आहे.

सपाट तोंड आलं कुठून?

1954 साली टाटांची टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार झाला. त्यानंतर कित्येक वर्षं आपल्या रस्त्यावर नाक पुढं काढलेला टाटाच दिसायचा. हळूहळू ते नाक गेलं आणि केबिन इंजिनावर येऊन बसली. कारण साधं आहे. सलग चॅसीच्या मालवाहू गाडीला नियमानं 12 मीटर लांबीची मर्यादा आहे. बोनेटला जागा दिली की तेवढा हौदा कमी होतो, आणि भाडं हौद्याला मिळतं. युरोपात याच हिशेबानं आजही सपाट तोंडाचे ट्रक चालतात. अमेरिकेत 1982 च्या कायद्यानं लांबीचं बंधन सैल केलं आणि तिथं लांब नाकाच्या गाड्यांचं राज्य आलं. आपल्याकडं घाटाची वळणंही आहेत. आंबा किंवा फोंडा घाटात आखूड गाडी एका दमात वळते, ते सुख ड्रायव्हरला विचारा.

या बांधणीची किंमतही आहे. इंजिन पायाशी असल्यानं उष्णता आणि आवाज थेट केबिनमध्ये येतो. समोरून धडक बसली तर मध्ये बोनेटचा आडोसा नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाडीत ती सोय नसते, एप्रिल-मेमध्ये पंखा आणि ओला टॉवेल यांवरच भागवायचं.

पहिला कागद: नॅशनल परमिट

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 88 वा नियम जुन्या ट्रकची खरी किंमत ठरवतो. दोन ॲक्सलची, म्हणजे सहाचाकी गाडी 12 वर्षांची झाली की तिला नॅशनल परमिट राहत नाही. मल्टिॲक्सल, म्हणजे दहाचाकीपासून पुढच्या गाडीला ही मर्यादा 15 वर्षांची आहे. वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. मालक कितीही बदलोत, इंजिन नवं बसवा, केबिन नवी चढवा, ती तारीख बदलत नाही.

कोल्हापूरच्या जमिनीवर याचा अर्थ असा. 13 वर्षांची सहाचाकी इथून पावणेचारशे किलोमीटरवरच्या मुंबईला बिनदिक्कत जाईल, पण चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीला नॅशनल परमिटवर जाऊ शकणार नाही. एखाद्या फेरीसाठी तात्पुरता परवाना काढता येतो, पण त्यावर धंदा उभा राहत नाही.

म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी कागदावर एक वजाबाकी करा. 2016 ची सहाचाकी 2028 पर्यंत परराज्यात जाईल. 2016 चीच दहाचाकी 2031 पर्यंत. विकणाऱ्यानं दोन्हींना सारखीच किंमत सांगितली, तरी दुसऱ्या गाडीत तीन वर्षांची कमाई जास्त आहे. परमिट संपतं त्या दिवशी गाडी बंद पडत नाही, पण तिचा भाव पडतो. मग ती साखर कारखान्याच्या हंगामाला, वाळू-खडीला किंवा राज्यातल्या फेऱ्यांना उरते.

परमिटचं आणखी एक बंधन परतीच्या भाड्यात आडवं येतं. नॅशनल परमिटवर दुसऱ्या राज्यातल्या दोन गावांदरम्यान माल नेता येत नाही. बंगळुरूहून कोल्हापूरचा माल घ्या, हुबळीहून महाराष्ट्राचा घ्या. पण बंगळुरूत भरून बेळगावला उतरवणं नियमात बसत नाही. 'वाटेतलं आहे, टाकून या' असं सांगणारे भेटतील. दंड गाडीमालक भरतो.

दिल्लीचं भाडं डोक्यात असेल तर ते काढून टाका. 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या, धुराच्या बीएस-3 आणि त्याआधीच्या मानकांच्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश नाही. बीएस-4 गाड्यांना दिलेली सवलत 31 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे.

कोणत्या सालची घ्यावी?

देशभर बीएस-4 लागू झालं 1 एप्रिल 2017 ला, बीएस-6 आलं 1 एप्रिल 2020 ला. जुना ट्रक घेणाऱ्यासाठी या दोन तारखा महत्त्वाच्या आहेत.

एप्रिल 2017 आधीच्या बहुतेक गाड्यांना यांत्रिक पंप आणि नोझल आहेत. हे काम जाणणारा मिस्त्री हायवेवर कुठेही सापडतो. कोल्हापुरात तर शिवाजी उद्यमनगर आहेच. ऑइल इंजिनं आणि सुटे भाग घडवणाऱ्या या वसाहतीत बोअर मारणं, क्रँक घासून घेणं, पंप जोखून घेणं ही रोजची कामं आहेत. जुन्या गाडीच्या मालकाला कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा.

2017 ते 2020 मधल्या गाड्यांचं परमिट जास्त उरलेलं असतं, पण सेन्सर आणि वायरिंग आलं. बिघाड शोधायला लॅपटॉप लावणारा माणूस लागतो. काही बीएस-4 गाड्यांना युरियाचं पाणीही लागतं, बीएस-6 मध्ये त्यावर धुराचा फिल्टर आला. स्वतः हात काळे करणारा मालक-चालक असेल तर 2015-16 ची दहाचाकी, आणि गाडी ड्रायव्हरच्या हाती सोडून द्यायची असेल तर त्यापुढची, असा साधा ठोकताळा धरावा.

गाडी पाहायला जाताना

सकाळी लवकर आणि न सांगता जा. इंजिन थंड असताना हात लावून पाहा. मालकानं आधीच अर्धा तास गाडी चालू ठेवली असेल तर त्यामागं कारण असतं. एका सेल्फमध्ये उठते का, पहिला धूर कसा आहे ते बघा. निळसर धूर पाच मिनिटांनंतरही थांबत नसेल तर ऑइल जळतंय. मग चालू इंजिनावर ऑइल भरण्याचं झाकण उघडा आणि तोंडावर तळहात धरा. थोडी वाफ येणं चालतं. ठोके देत फुंकर बसत असेल तर रिंगा आणि लायनर गेले, किमतीतून पूर्ण इंजिनकामाचे पैसे वजा करा.

पुढं केबिन उचलायला सांगा. सपाट तोंडाच्या गाडीचं सगळं दुखणं तिथं लपलेलं असतं. केबिन पंपानं उचलली जात असेल तर ती वर थांबते की हळूहळू खाली बसते ते पाहा. आधाराचा दांडा अडकवल्याशिवाय खाली डोकं घालू नका, मालक कितीही म्हणो. लॉक घट्ट बसतं का, पुढचे बिजागर आणि मागचे रबरी बुश फाटलेत का, गिअरच्या लांब दांड्यांना किती ढिलाई आहे, हे हातानं हलवून बघा. दांड्या सैल असतील तर चढावर नेमका हवा तो गिअर सापडत नाही.

केबिनमधली चटई वर करा. खालचा पत्रा गंजला असेल तर पावसाळ्यात पाय ओले राहतील. इंजिनावरच्या झाकणाचं रबर नसेल तर उष्णता येईलच, धूरही येईल, आणि रात्री काच लावून गाडीत झोपणाऱ्याच्या जिवाला तो धोका आहे. रबर आणि उष्णतारोधक चटई हा इंजिनकामापुढं किरकोळ खर्च आहे, तो पहिल्याच आठवड्यात करावा.

आपल्या भागात आणखी एक तपासणी लागते. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेनं शिरोलीजवळ हायवे बंद पाडला आणि ट्रकच्या रांगा लागल्या. सखल भागात उभी वाहनं पाण्यातही गेली. सीटखालच्या खोबणीत सुकलेला गाळ, मीटरच्या काचेआड ओल, डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसणं ही पाण्यात राहिलेल्या गाडीची लक्षणं आहेत. अशी गाडी स्वस्त मिळते आणि वर्षभर वायरिंगवर पैसे खाते.

शेवटी गाडी भरलेली असताना चालवून पाहा. रिकामी गाडी सगळे दोष झाकते. भरलेली गाडी एका बाजूला ओढते का, पाटे सपाट झालेत का, ब्रेक मारल्यावर हवेचा काटा किती खाली जातो आणि परत चढायला किती वेळ लागतो, ते मोजा.

सरकारी आणि विम्याचा खर्च

फिटनेस, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी. जुन्या गाडीची फी वयानुसार चढते. 2022 च्या एप्रिलपासून केंद्राच्या नियमात 15 वर्षांवरच्या जड मालवाहू गाडीला 12,500 रुपये होते. नोव्हेंबर 2025 च्या अधिसूचनेनं वयाचे आणखी टप्पे पाडले आणि 20 वर्षांवरच्या जड गाडीची फी 25,000 वर नेली. फी भरण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा आकडा पाहा.

थर्ड पार्टी विमा: 2022 मध्ये ठरलेल्या दरानुसार एकूण वजन 12 ते 20 टनांच्या मालवाहू गाडीला 35,313 रुपये आणि 20 ते 40 टनांच्या गाडीला 43,950 रुपये. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी 5 टक्के आहे. दहाचाकीला साधारण 46,150 रुपये होतात. ड्रायव्हर-क्लीनरचं संरक्षण वेगळं मागून घ्या.

नॅशनल परमिटची एकत्रित फी: वर्षाला 16,500 रुपये.

नंबरप्लेट: 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी हवी. महाराष्ट्रात तिचा दर 745 रुपये अधिक जीएसटी आहे. विकणाऱ्यानं बसवली नसेल तर त्याच्याकडूनच बसवून घ्या.

शिवाय रोड टॅक्स, आठ वर्षांवरच्या वाहतूक वाहनांचा पर्यावरण कर आणि पीयूसी. आरसीवर लिहिलंय तेच वजन तुमचं. जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. एका जादा टनाचं भाडं या दंडाच्या जवळपासही येत नाही.

गाडी नावावर करताना फॉर्म 29 आणि 30, परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म 35. चलान, टॅक्स आणि बोजा ऑनलाइन तपासा, आणि चॅसी नंबर स्वतः वाकून वाचा. गाडी नावावर होईपर्यंत काही रक्कम हातची राखून ठेवा.

एका फेरीचा हिशेब

उदाहरण म्हणून 2016 ची दहाचाकी घेऊ. किंमत 12 लाख, त्यातले 8 लाख कर्ज, 14 टक्के व्याज, तीन वर्षं. फेरी कोल्हापूर-मुंबई-कोल्हापूर, 760 किलोमीटर. डिझेल, टोल, टायर, दुरुस्ती आणि पगार यांचे आकडे आम्ही हिशेबासाठी धरले आहेत, तिथं तुमचे घाला.

डिझेल: लिटरला 4 किलोमीटर, 190 लिटर, 91 रुपये दरानं 17,290.

टोल: 6,000. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर आणि पुढचा द्रुतगती मार्ग. फास्टॅगच्या महिन्याच्या नोंदीतून तुमचा खरा आकडा काढा.

टायर: दहा टायर, प्रत्येकी 20,000, आयुष्य 60,000 किलोमीटर. फेरीला 2,530.

दुरुस्ती आणि ऑइल: किलोमीटरला 4 रुपये, 3,040.

भत्ता: 2,000.

वाराई (माल भरणं-उतरवणं), काटा, पार्किंग: 1,500.

हे झाले 32,360 रुपये, गाडी फिरली तरच लागणारे.

आता गाडी दारात उभी असली तरी लागणारे, महिन्याचे: ड्रायव्हरचा पगार 22,000, विमा 3,850, परमिट 1,375, टॅक्स-पासिंग वगैरेसाठी 3,000, हप्ता 27,340. बेरीज साधारण 57,565.

महिन्याला आठ फेऱ्या झाल्या तर फेरीवर 7,195 रुपयांचा बोजा येतो आणि एकूण खर्च 39,555 होतो. पाचच झाल्या तर बोजा 11,513 आणि एकूण 43,873. म्हणजे जातानाचं आणि परतीचं मिळून 40 हजार भाडं येत असेल, तर आठ फेऱ्यांना जेमतेम बरोबरी आणि पाच फेऱ्यांना प्रत्येक फेरीमागं सुमारे चार हजारांचा तोटा. जुनी गाडी इथं अडकवते. एक क्लच प्लेट गेली, गाडी आठवडाभर गॅरेजला लागली, की दोन फेऱ्या गेल्या.

यात गाडीची झीज धरलेली नाही. 12 लाखांची गाडी पाच वर्षांनी परमिट संपल्यावर 3 लाखांना गेली असं समजा. 9 लाख भागिले 60 महिने, म्हणजे महिन्याला 15,000 रुपये. घेताना हीच भागाकाराची पद्धत प्रत्येक गाडीला लावा. ज्या गाडीत परमिटचा एक महिना स्वस्त पडतो, ती गाडी स्वस्त.

वाराईबद्दल एक शब्द. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही मालवाहतूकदारांची जुनी घोषणा आहे. माल भरणं-उतरवणं कोणाच्या पैशानं, हे भाडं ठरवतानाच बिल्टीवर लिहून घ्या. दारात गाडी लागल्यावर ही चर्चा ड्रायव्हर हरतो.

ई-वे बिलाची मुदतही लक्षात ठेवा. दर 200 किलोमीटरला एक दिवस. जुनी गाडी वाटेत बसली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर या वेळात वाढवून घेता येते. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर तिचा नंबर बिलावर चढवावा लागतो.

चालवताना

सपाट तोंडाच्या गाडीत तुम्ही पुढच्या चाकांच्या वर बसता. वळणावर आपण पुढं जातो आणि चाक मागून येतं, म्हणून स्टिअरिंग थोडं उशिरा वळवायचं असतं. नाकासमोर उभं असलेलं लहान मूल किंवा दुचाकी दिसत नाही. समोरचा खालचा आरसा तुटलेला असेल तर सीटकव्हर घेण्याआधी तो बसवा.

घाटात एकच नियम: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. निपाणीपुढचा तवंदी घाट, खंबाटकी, आणि पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, या ठिकाणी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची सवय जीव घेते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो, सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात. इंजिन मंद फिरत असल्यानं हवाही सावकाश भरते, आणि वारंवार पाय दाबल्यानं आहे ती संपते. त्या उतारावर डिझेल वाचलंच तर अगदी थोडं. जुन्या गाडीचा एक्झॉस्ट ब्रेक बहुधा बंद असतो, तो पहिल्या महिन्यातच चालू करून घ्या.

मग घ्यावी की नाही?

परतीचं भाडं ठरलेलं असेल, महिन्याला आठ फेऱ्यांची खात्री असेल, मालक स्वतः चालवत किंवा किमान दुरुस्ती जाणत असेल, आणि परमिटचे किमान 48 महिने शिल्लक असतील तर घ्या. गाडीच्या किमतीशिवाय दीड-दोन लाख रुपये हाताशी ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत टायर, ब्रेक किंवा पंप, काहीतरी निघतंच.

दहा वर्षांवरची सहाचाकी लांब पल्ल्यासाठी घेऊ नका, ती कितीही चकचकीत असो. आणि सौदा करताना विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. आरसी मागा, नोंदणीची तारीख वाचा, बोटांवर वर्षं मोजा. उत्तर तिथंच मिळेल.